बरणीतलं आयसोएटिस : वनस्पतिशास्त्र विभागांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांतील सर आणि मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार.

पाऊस लागला की विभागात एक कागद फिरतो. सहलीची तारीख, बसची वर्गणी, पालकांचं संमतीपत्र आणि खाली ‘सोबत आणावयाचे साहित्य’: हँडलेन्स, वही, रेनकोट, जुनी वर्तमानपत्रं, पॉलिथिनच्या पिशव्या, खुरपी. मी स्वतः हा कागद वर्षानुवर्षं काढला आहे. आता निवृत्त झाल्यावर त्यातला शेवटचा शब्द खोडायची विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. निदान पाचगणीची सहल असेल त्या वर्षी तरी.

नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. एस.वाय.ची चाळीसेक मुलं घेऊन आम्ही पाचगणीच्या टेबल लँड पठारावर गेलो. ऑगस्ट होता. धुकं असं की दहा पावलांवरचा घोडासुद्धा आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. घोडेवाले प्लास्टिकचा कागद पांघरून उकिडवे बसलेले. जांभ्याच्या कातळात घोट्याएवढं पाणी साठलेलं एक डबकं होतं आणि त्याच्या तळाशी, पाण्याखाली, हिरव्या पात्यांचे झुबके. आमच्या सरांनी पँट दुमडली, हात घातला, एक झुबका गाळासकट उपटला आणि वर धरला. “हे आयसोएटिस. पुस्तकात बघितलंत ते हेच. प्रत्येकाने एकेक घ्या.”

प्रत्येकाने घेतलं. काहींनी दोन घेतली, कारण न आलेल्या मैत्रिणीच्या जर्नललाही लागणार होतं. पंधरा मिनिटांत डबक्याचं पाणी चहासारखं झालं. रात्री लॉजवर निम्म्या पिशव्यांतलं पाणी गळून गेलं आणि सकाळी खोल्या झाडायला आलेल्या मावशींनी ती झाडं केरात भरली. उरलेली आम्ही आणून फॉर्मॅलिनच्या बरणीत घातली. पुढे विभागाची सहल माझ्याकडे आली तेव्हा डबक्यात हात घालून “प्रत्येकाने एकेक घ्या” म्हणणारी मीच होते. म्हणजे हे पत्र मी वरच्या पायरीवर उभी राहून लिहीत नाही.

विद्यार्थीही हे वाचतील म्हणून थोडं या झाडाबद्दल. मराठीत त्याला नाव नाही. घोडेवाल्यांना विचारलं तर ‘गवत’ म्हणतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. वीतभर उंच, हिरवी, टोकदार पाती, दिसायला थेट लव्हाळ्याची पोर. प्रत्यक्षात ते नेच्यांहूनही जुन्या घराण्यातलं. फूल नाही, फळ नाही, बी नाही. वंश चालतो तो बीजाणूंवर. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी याच घराण्यातली झाडं ताडामाडासारखी उंच वाढायची आणि दलदलीत कोसळून युरोप-अमेरिकेतल्या दगडी कोळशाच्या थरांत गेली. (आपल्या चंद्रपूरचा कोळसा त्यांचा नव्हे, तो ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष झाडाच्या जंगलांचा. परीक्षेत दरवर्षी कुणीतरी घोळ घालतंच, म्हणून सांगितलं.) ते वृक्ष संपले. त्यांचे जवळचे म्हणावेत असे नातेवाईक आज एवढेच उरलेत, डबक्यातले हे झुबके. मुळाचा आडवा छेद घेऊन पाहा. मूळ आतून पोकळ असतं आणि वाहिनीचा दोर मधोमध नसून एका कडेला चिकटलेला असतो. त्या अश्मीभूत वृक्षांच्या मुळ्यांतही तो असाच कडेला असतो.

पाण्याखाली राहायची त्याची रीतही विलक्षण आहे. उथळ डबक्यात दिवसा शेवाळं आणि इतर वनस्पती पाण्यातला कार्बन डायऑक्साइड भराभर संपवतात. रात्री सगळ्यांच्या श्वसनाने तो पुन्हा साठतो. कॅलिफोर्नियातल्या अशाच हंगामी डबक्यांतल्या एका आयसोएटिसवर काम करताना जॉन कीली यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की हे झाड तो वायू रात्री शोषून आम्लाच्या रूपात साठवतं आणि दिवसा उजेडात वापरतं. आपण वर्गात ही युक्ती निवडुंगाच्या धड्यात शिकवतो, पाणी वाचवायची युक्ती म्हणून. इथे पाण्यात बुडालेलं झाड तीच वापरतं. मला स्वतःला हे वाचायला मिळालं तोवर मी कितीतरी बॅचेसना आयसोएटिस शिकवून मोकळी झाले होते. बरणीतल्या झाडाकडे पाहून असा प्रश्न कुणाला पडणार होता?

आता आपल्या सह्याद्रीचं. प्रा. त्र्यं. शं. महाबळे यांनी १९३८ मध्ये सह्याद्रीच्याच नावाने एक जाती वर्णिली. १९४५ मध्ये शेंडे यांनी पाचगणीची ‘आयसोएटिस दीक्षितई’ वर्णिली. १९९३ मध्ये आणखी एका जातीला तर पाचगणीचंच नाव मिळालं. आणि मैदानातल्या तळ्यांत, भातखाचरांत, दक्षिण भारतभर सापडणारी ‘कोरोमंडेलिना’ आहेच. एका गिरिस्थानाच्या माथ्यावरून दोन जाती वर्णिल्या जाव्यात ही साधी गोष्ट नाही. पण त्या खरोखर वेगळ्या आहेत, की एकाच बहुरूपी जातीला आपण दोन-तीन नावं देऊन बसलो आहोत, याचा वाद अजून मिटलेला नाही. काही तज्ज्ञ बऱ्याच भारतीय नावांना कोरोमंडेलिनाच्याच पोटात घालतात, काही ठामपणे वेगळी ठेवतात.

वाद का मिटत नाही हे ज्याने एकदा हे झाड भिंगाखाली धरलंय त्याला पटेल. बाहेरून सगळी सारखीच. पात्यांची लांबी पाण्याच्या खोलीवर ठरते. तेच झाड खोल पाण्यात लांब, चिखलात आखूड. जात ओळखायची तर पानाच्या बुडाशी जावं लागतं. बूड पांढरं, चमच्यासारखं पसरट. त्यात एक खळगा, खळग्यात बीजाणूंची पिशवी, पिशवीच्या वर एक इवलीशी जीभ. पिशवीवर पातळ पडदा आहे का, असला तर अर्धा की पुरता, हे बघायचं. बाहेरच्या पानांच्या पिशवीत मोठे बीजाणू असतात, शेकड्यांनी. नखावर घेतले तर बारीक रव्यासारखे दिसतात. आतल्या पानांत लहान बीजाणू, लाखोंनी, नुसती राखाडी पूड. मोठ्या बीजाणूच्या अंगावर गाठी आहेत की कंगोरे, त्यावरून जाती पाडल्या गेल्या. गोम अशी, की कच्च्या बीजाणूवर हे नक्षीकाम अर्धवट असतं. आपल्या सहली जातात जुलै-ऑगस्टमध्ये, धबधबे बघायला बरं पडतं म्हणून. बीजाणू नीट पिकतात पाऊस ओसरता ओसरता. म्हणजे आपण चाळीस झाडं उपटून आणतो ती बहुतेक अशा अवस्थेत, की त्यावरून जात सांगताच येऊ नये. मग लेबलावर नुसतं ‘आयसोएटिस, पाचगणी’.

त्यात गुणसूत्रांचा घोळ. मूळ संख्या ११. पण कोरोमंडेलिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडांत कुठे २२ भरतात, कुठे ३३. बाहेरून काही कळत नाही. हा गुंता सुटायचा तर डीएनए हवा, आणि फॉर्मॅलिनच्या बरणीत वर्षानुवर्षं पडलेल्या झाडातून कामाचा डीएनए मिळणं जवळजवळ अशक्य. महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांच्या कपाटांत आयसोएटिसच्या किती बरण्या असतील कुणास ठाऊक. त्यातली बहुतेक ना परीक्षेच्या कामाची राहिली, ना संशोधनाच्या. पाणी पिवळं झालेलं, झाकण गंजलेलं.

उपटण्याचं एवढं काय, गवत तर दरवर्षी उगवतं, असं मला एका सहकाऱ्याने विचारलं होतं. दरवर्षी उगवतं ते त्याच गड्ड्यातून. पाऊस गेला की डबकं आटतं, पाती कुजतात आणि तळाच्या कडक झालेल्या चिखलात हरभऱ्या-सुपारीएवढा गड्डा उन्हाळाभर पडून राहतो. जूनच्या पहिल्या पाण्यावर तो पुन्हा पाती काढतो. आपण गड्ड्यासकट उपटतो म्हणजे पुढच्या सगळ्या पावसाळ्यांचं झाड नेतो. बरं, बीजाणूंचं म्हणाल तर ते वाऱ्यावर उडून जाणारे नव्हेत. पान कुजावं, पिशवी फुटावी, मोठा आणि लहान दोन्ही बीजाणू ओल्या गाळात जवळ पडावेत, तेव्हा कुठे नवं रोप. दुसऱ्या डबक्यात जायचं तर वाहतं पाणी किंवा एखाद्या म्हशीच्या खुराला लागलेला चिखल. जांभ्याच्या पठारावरचं प्रत्येक डबकं म्हणजे वेगळी वाडी. एका वाडीतलं माणूस संपलं तर शेजारच्या वाडीतून कुणी येईलच असं नाही.

टेबल लँडवरच्या डबक्यांना आपणच तेवढे धोका आहोत असं मी म्हणत नाही. घोड्यांच्या वाटा आहेत, चाकांनी दाबलेली माती आहे, कुरकुऱ्यांची पाकिटं आहेत, लीद आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्यामुळे बांधकामाला थोडा तरी लगाम बसला. कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तिथे फुलांसाठी लोक रांगा लावतात. आयसोएटिसला फूलच येत नाही. त्याच्यासोबत कुणी फोटो काढत नाही, त्याच्यासाठी कुणी तिकीट लावणार नाही. त्याला नावाने ओळखणारी, त्याच्यासाठी मुद्दाम गाडी करून येणारी माणसं कोण? आपणच. आणि येताना खुरपी घेऊन येणारीही आपणच. घोडेवाल्याचा घोडा त्याला न ओळखता तुडवतो. आपण ओळखून, नाव घेऊन, गड्ड्यासकट नेतो.

गुरांबद्दल मात्र घाईने बोलू नये असं मला वाटतं. कासला कुंपण घातल्यावर चराई थांबली, गवत माजलं आणि छोट्या झाडांना जागा उरेना, अशी ओरड झालीच होती. उघड्या, उथळ, ऊन पोचणाऱ्या डबक्यातलं झाड आहे हे. म्हैस अधूनमधून डुंबली तर त्याचं भलंही होत असेल. म्हणून ‘कुंपण घाला’ ही मागणी या पत्रात नाही.

मागणी आहे ती आपल्याच टेबलावरची. मुलांना ताजं झाड हाताळायला मिळालंच पाहिजे, हे मलाही मान्य. पडद्यावरचं चित्र बघून कुणी वनस्पतिशास्त्रज्ञ झालेलं मी पाहिलेलं नाही. पण आयसोएटिस हाताळायला उपटावं लागत नाही. माझ्या शेवटच्या काही सहलींत आम्ही काय करायचो ते सांगते. पाण्यात हात घालायचा, झुबक्याच्या अगदी बाहेरचं एक पान चिमटीत धरायचं, बोट बुडापर्यंत सरकवायचं आणि पान बाहेरच्या बाजूला हलकेच वाकवून सोलायचं, केळीच्या खुंटाचं सोपट सोलतात तसं. चमच्यासारखं बूड पिशवीसकट हातात येतं. झाड जागच्या जागी. सहा जणांत एक पान पुरतं. बूड भिंगाखाली, जीभ बघा, पडदा बघा, पिशवी टाचणीने उघडा. वरचं पातं ब्लेडने आडवं कापा: चार हवेच्या नळ्या, चार खिडक्यांसारख्या. एकदा त्या चार खिडक्या पाहिल्या की शेजारच्या लव्हाळ्याशी किंवा गेंदाशी पुन्हा गल्लत होत नाही. लव्हाळ्याचा दांडा तिकोनी आणि भरीव लागतो, गेंदाचं पान चपटं, उजेडात धरलं तर चौकटी-चौकटींचं, मुळ्या पांढऱ्या स्पंजासारख्या. बघून झालं की पिशवीतले उरलेले बीजाणू त्याच डबक्यात परत धुऊन टाकायचे. मुलांना ही शेवटची गोष्ट फार आवडायची. एक मुलगा म्हणाला होता, “मॅडम, अस्थिविसर्जनाच्या उलटं झालं हे.”

जात ठरवायची असेल तर सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात दोघा-तिघांनी जावं, पूर्ण बस नको. पिकलेली दोन पानं कागदाच्या पाकिटात सुकवून आणा, एखादा तुकडा सिलिका जेलमध्ये. सोबत डबक्याचा, झुबक्याचा, बुडाचा मोजपट्टीसह फोटो. अख्खा नमुना खरंच लागणार असेल तर आधी रीतसर परवानगी, मग एका जागेवरून एकच, आणि तो आपल्या कपाटात न ठेवता पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियमला (सुकवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला) द्या, जिथे तो उद्याच्या माणसाला सापडेल. फोटो नेटवर टाकताना नकाशावरची नेमकी जागा झाकून ठेवा. या पत्रात मीही कुठलं डबकं ते सांगितलेलं नाही.

आणि रोजच्या प्रॅक्टिकलला पाचगणी हवीच कशाला? कोरोमंडेलिना शिकवायला तितकीच चांगली आहे, उलट बीजाणू मोठे, गड्डा तीन पाळ्यांचा, छेद घ्यायला सोयीची. आपल्या तालुक्यातल्या तळ्यात, खाचराच्या बांधाखाली शोधा. सापडली तर मूठभर गाळ आणून विभागाच्या मागे एका टबात घाला. जूनमध्ये पाणी भरायचं, दिवाळीनंतर आटू द्यायचं, उन्हाळ्यात विसरून जायचं. हे विसरणं फार महत्त्वाचं. आमच्या शिपाईमामांनी प्रेमाने एप्रिलमध्ये रोज पाणी घालून पहिला टब सडवला होता.

अभ्यास मंडळांवर जे आहेत त्यांना वेगळं सांगणं आहे. बेडकाचं आठवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन कमी करण्याच्या सूचना काढल्या आणि २०१४ मध्ये ते थांबवायलाच सांगितलं. तेव्हा प्राणिशास्त्राच्या मंडळींनी आकांत केला, आणि तरी प्राणिशास्त्र चालू आहे. झाड ओरडत नाही, त्यामुळे आपल्याला कुणी विचारलं नाही. प्रात्यक्षिकांच्या यादीत आयसोएटिससमोर एवढंच छापा: ‘कायमस्वरूपी स्लाइड आणि एक पान, पठारावरून अख्खं झाड गोळा करू नये.’ आणि परीक्षेला एक्स्टर्नल म्हणून जाणाऱ्यांनो, स्पॉटिंगला, म्हणजे नमुने ओळखायच्या प्रश्नाला, ताजं आयसोएटिस ठेवलेलं दिसलं तर “वा, फ्रेश मटेरियल!” म्हणून कौतुक करण्याआधी ते कुठून आणलं ते विचारा. त्या ‘वा’साठी मी किती झाडं उपटली त्याचा हिशेब माझ्याकडे नाही.

जैवविविधता कायदा २००२ पासून आहे, त्यानुसार गावोगावी आणि नगरपरिषदांत समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत. पठारावरच्या गावांच्या नोंदवहीत हे झाड चढवायचं तर ते ओळखणारं माणूस लागेल. ते तुमच्या विभागात आहे. सहलीच्या दिवशी दोन घोडेवाल्यांना बोलावून त्या चार खिडक्या दाखवा. मी एकदा दाखवल्या होत्या. त्यातल्या एका काकांनी भिंगातून बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मग तुम्ही लोक हे दरवर्षी उपटून का नेता?” मला उत्तर देता आलं नाही, मी मुलांना बसकडे पिटाळलं.

या जूनचा कागद अजून निघाला नसेल. निघाला असेल तर पेनाने खोडा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका

ता. क.: निवृत्त होताना विभागाने मला आयसोएटिसच्या कायमस्वरूपी स्लाइडचा जुना संच दिला, गड्डा, पान, मूळ आणि दोन्ही बीजाणूंच्या पिशव्यांचे छेद. सगळे एकाच झाडाचे, माझ्या विद्यार्थीदशेच्याही आधीचे. छेद रंगवायच्या सॅफ्रॅनिनचा लाल अजून टवटवीत आहे. ज्या विभागाकडे काहीच नाही त्यांनी सांगावं, पोचवण्याची व्यवस्था करीन. बरणी मात्र कुणाला देणार नाही, ती माझ्या टेबलावर आहे. त्यात सत्तावीस झाडं आहेत.